क्लबच्या ऑफिसात शिरायचंय? आधी टीम मॅनेजर हो

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान आहेस, म्हणून 'तू' म्हणतो, राग मानू नकोस. प्रश्न थोडक्यात असा: वय ३१, मूळ गाव पारोळ्याकडचं, राहायला जळगाव. दहा वर्षं पगार घेऊन फुटबॉल खेळलास, आधी मुंबईत, मग गोव्यात, एक हंगाम आय-लीगमध्ये. गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी 'आता बस' म्हणून सांगितलंय. कोचिंगमध्ये मन रमत नाही. क्लबच्या मॅनेजमेंटमध्ये जायचंय, पुढे सीईओ नाहीतर स्पोर्टिंग डायरेक्टर व्हायचंय. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं. पुण्यातल्या एका स्पोर्ट्स मॅनेजमेंट एमबीएची फी काही लाखांत आहे आणि त्यासाठी वडील शेताचा तुकडा विकायला तयार आहेत. तर एमबीए करू का?

शेत विकू नकोस. निदान या वर्षी तरी नाही.

पहिलं कारण अगदी साधं आहे, आणि फी सांगणाऱ्याने ते तुला सांगितलं नसावं. पदवी नसेल तर एमबीएला प्रवेशच मिळत नाही. दुसऱ्या वर्षाला सोडलेल्या बी.कॉम.वर कुणी 'एमबीए' देत असेल, तर ती एमबीए नसून एखादं प्रमाणपत्र असेल. कागद नीट वाच. क्लबच्या ऑफिसातलं निम्मं काम कागद वाचण्याचंच असतं, तेव्हा सुरुवात इथूनच झाली असं समज.

आता मी कोण, ते सांगतो. मी भुसावळचा. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो, वडील लोको शेडमध्ये फिटर. १९९६ मध्ये देशात राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा माझ्यासारख्या पोरांना पहिल्यांदा वाटलं की बॉलवर पोट भरता येईल. हावडा मेलने कोलकात्याला ट्रायलला गेलो आणि तिथून परत पाठवला गेलो. मग मुंबईच्या एका डिपार्टमेंटच्या संघात लागलो, पुढे दोन क्लब केले. तेहतिसाव्या वर्षी थांबलो. त्यानंतर टीम मॅनेजर, मग ऑपरेशन्सचा प्रमुख, मग एका मोठ्या क्लबात फुटबॉलचा कारभार पाहणारा माणूस. क्लबांची नावं सांगत नाही, कारण पुढे ज्या चुका सांगणार आहे त्या माझ्या आहेत. आता जळगावात असतो आणि दोन-तीन अकादम्यांना सल्ला देतो.

तुझ्या प्रश्नात खुर्चीचं नाव आहे, कामाचं नाव कुठेच नाही. सीईओ सकाळी दहा वाजता टेबलावर बसून नेमकं काय करतो, हे तुला ठाऊक नाही. मी खेळणं सोडलं तेव्हा मलाही नव्हतं. आपण खेळाडू ऑफिसकडे बघतो ते ड्रेसिंग रूमच्या दारातून: पगार उशिरा आला की शिव्या घालायला, बोनस आला की हसायला. त्यामुळे आधी काम सांगतो, मग रस्ता.

सीईओकडे पैसा, प्रायोजक, तिकिटं, स्टेडियमचे परवाने, बँक, मालकाचे फोन आणि लायसन्स, म्हणजे क्लबला स्पर्धेत उतरायचा परवाना. आशियाई महासंघाच्या क्लब लायसन्सिंगमध्ये पाच कप्पे असतात: खेळ, पायाभूत सुविधा, माणसं आणि प्रशासन, कायदा, आणि पैसा. पाचही कप्प्यांचे कागद वेळेत गेले नाहीत, तर मैदानावर कितीही चांगला संघ असो, लायसन्स अडकतं. स्पोर्टिंग डायरेक्टरकडे संघ कसा बांधायचा, कोच कोण, कुणाला किती वर्षांचा करार, अकादमीतून कोण वर येणार, कोण जाणार. त्याच्या खाली ऑपरेशन्स आणि टीम मॅनेजर: विमानाची तिकिटं, हॉटेल, किट, नोंदणी, एनओसी, डीए (रोजचा भत्ता), कुणाचं वैद्यकीय बिल, कुणाचा व्हिसा. वरच्या दोघांना पेपरात फोटो मिळतो. खालच्याचं काम बिनचूक झालं तरच वरच्यांचं चालतं.

यातली एक गोष्ट खेळाडूला फार जड जाते. खेळाडूचं डोकं पुढच्या मॅचवर चालतं, रविवारी काय होणार यावर. ऑफिसातल्या माणसाचं डोकं दीड वर्षावर चालावं लागतं, आणि ज्याच्याबद्दल तो निर्णय घेतो तो माणूस कालपर्यंत शेजारच्या खाटेवर झोपणारा असतो. एमबीए तुला बॅलन्स शीट शिकवेल. हे मात्र शिकवणार नाही.

माझाच किस्सा सांगतो. ऑपरेशन्सला येऊन मला दोन वर्षं झाली होती. आमच्या संघात एक लेफ्ट बॅक होता, माझ्याबरोबर पाच हंगाम खेळलेला. माझ्या लग्नात वरातीत नाचलेला. वय झालं होतं. फेब्रुवारीतच कोचने सांगितलं की पुढच्या वर्षी याला ठेवायचं नाही. कळवायचं काम माझं. मी कळवलं नाही. तो विचारायचा, "माझं काय रे?" मी म्हणायचो, "बघू, अजून वरून काही आलं नाही." मार्च गेला, एप्रिल गेला. मेच्या शेवटी क्लबच्या कॅन्टीनमध्ये त्याला बसवलं, दोन कटिंग मागवले आणि सांगितलं. तो चिडला नाही. चहा तसाच ठेवून म्हणाला, "मार्चमध्ये गोव्याहून फोन आला होता. मी त्यांना नाही म्हटलं, तुझ्या भरवशावर." कपावर साय धरली होती आणि मी तिच्याकडेच बघत राहिलो. त्या वर्षी त्याला कुठेच जागा मिळाली नाही.

मी मैत्री जपत होतो असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मी माझा अवघड अर्धा तास पुढे ढकलत होतो आणि त्याची किंमत तो भरत होता. तेव्हापासून 'बघू' हा शब्द मी ऑफिसात वापरत नाही. हो किंवा नाही सांगतो. आणि जर ठरलं नसेल तर कोणत्या तारखेला ठरेल ते सांगतो, तेही लिहून.

बाहेरचं एक उदाहरण देतो, म्हणजे हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही हे कळेल. उली होनेस हा जर्मनीतल्या बायर्न म्युनिक क्लबचा फॉरवर्ड, १९७४ चा विश्वचषक जिंकलेला. गुडघा गेला (तुझ्यासारखाच) आणि १९७९ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्याच क्लबचा मॅनेजर झाला. क्लब कर्जात होता. १९८४ मध्ये त्याने स्वतःबरोबर खेळलेला कार्ल-हाइन्झ रुमेनिगे, संघातला सगळ्यात मोठा माणूस, इटलीच्या इंटरला विकला. कोटीभर जर्मन मार्कांचा तो व्यवहार, आणि त्यातून क्लबच्या डोक्यावरचं कर्ज उतरलं. गंमत पुढे आहे: तोच रुमेनिगे नंतर बायर्नला परतला आणि २००२ ते २०२१ क्लबचा मुख्य कार्यकारी होता, होनेसच्या बरोबरीने. म्हणजे विकण्याने मैत्री तुटलीच पाहिजे असं नाही. उशिरा आणि आडून सांगितल्याने मात्र ती हमखास तुटते. (होनेस संत नव्हता, हेही सांगून टाकतो. २०१४ मध्ये करचुकवेगिरीसाठी तुरुंगात गेला.)

आता शिक्षणाचा मुद्दा. मी शिक्षणाच्या विरोधात नाही, क्रमाच्या बाजूने आहे. अमेरिकेतल्या गार्थ लॅगरवेची वाटचाल मी माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या पोरांना नेहमी सांगतो. हा गोलकीपर. ड्यूक विद्यापीठाकडून खेळला. १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू झाली तेव्हापासून तिच्यात होता: कॅन्सस सिटी, डॅलस, मायामी. पोस्टरवर छापला जाणारा खेळाडू नव्हे. २००० मध्ये खेळ थांबला. त्याने जॉर्जटाउनला कायद्याची पदवी घेतली आणि वॉशिंग्टनमध्ये एका मोठ्या फर्ममध्ये वकिली केली. २००७ मध्ये रिअल सॉल्ट लेकने त्याला जनरल मॅनेजर केलं, तेव्हा तो क्लब तळाला होता. तिथला कोच जेसन क्राइस हा त्याचा ड्यूकपासूनचा जोडीदार. दोनच वर्षांत, २००९ ला, त्यांनी लीगचा चषक जिंकला.

लोक ही गोष्ट सांगताना एक तर म्हणतात 'ओळखीने लागला', नाहीतर म्हणतात 'शिकला म्हणून लागला'. दोन्ही अर्धवट. ओळख होती म्हणून नाव पुढे आलं, आणि नाव पुढे आलं तेव्हा हातात क्लबला लागणारं काहीतरी होतं. ते काय, हेही बघ. त्या लीगमध्ये खेळाडूचा करार क्लबशी होत नाही, लीगशी होतो. पगारावर मर्यादा आहे, आणि २००७ मध्ये बेकहॅमला आणण्यासाठी त्याच मर्यादेला अधिकृत खिडकी पाडली गेली, जिच्यातून ठरावीक मोठे खेळाडू मर्यादेबाहेरचा पगार घेतात. असल्या नियमांच्या जंगलात करार वाचता येणारा माजी गोलकीपर म्हणजे सोन्याची अंडी देणारी कोंबडी. हातमोजे काढल्यापासून त्या खुर्चीपर्यंत त्याला सात वर्षं लागली.

पुढे २०१५ मध्ये तो सिएटल साउंडर्सला गेला. २०१६ च्या जुलैत तो संघ तळाजवळ होता. २००९ पासून कोच असलेल्या झिगी श्मिड यांना निरोप दिला, सहायक ब्रायन श्मेट्झरकडे संघ सोपवला, आणि त्याच आठवड्यात उरुग्वेचा निकोलास लोदेइरो दाखल झाला. डिसेंबरात चषक. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एका आठवड्यात जादू केली. आठवड्यात दाखल झालेला खेळाडू आठवड्यात शोधलेला नसतो, भाऊ. ज्या काळात संघ हरत असतो, शिव्या बसत असतात, त्याच काळात कुणीतरी टेबलावर ती फाइल उघडी ठेवून बसलेलं असतं. नंतर २०१९ चा चषक, २०२२ मध्ये कॉनकाकॅफ चॅम्पियन्स लीग (उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या क्लबांची स्पर्धा), आणि त्याच वर्षाच्या अखेरीला अटलांटा युनायटेडचा अध्यक्ष आणि सीईओ.

तुझ्यासारखं नाव असलेल्या, म्हणजे रस्त्यात कुणी ओळखत नाही अशा खेळाडूने (वाईट वाटून घेऊ नकोस, मीही त्यातलाच) लॅगरवेकडे बघावं. नेदरलँड्सचा नामांकित गोलकीपर एडविन व्हान डर सार याच्याकडे नव्हे. पण व्हान डर सारनेही काय केलं ते पाहा. २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडमधून निवृत्त, मग क्रीडा व्यवस्थापनाचं शिक्षण, २०१२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबमध्ये मार्केटिंगचा संचालक, आणि २०१६ मध्ये सीईओ. एवढा मोठा माणूस, तोही चार वर्षं मार्केटिंगच्या टेबलावर बसला. आणि एवढं करूनही खुर्ची कायमची नसते. २०२३ च्या मेमध्ये त्याने राजीनामा दिला. त्याच महिन्यात बायर्नने ज्या दिवशी लीग जिंकली त्याच दिवशी ऑलिव्हर कानला, म्हणजे त्यांच्याच माजी गोलकीपरला, सीईओपदावरून काढल्याची बातमी आली. खेळाडू म्हणून तुला कधीतरी रिलीज केलंच असेल. इथेही करतात, फक्त सूट घातलेला असताना.

मोंचीचं नाव तू प्रश्नात घेतलंस, म्हणून त्यावर थोडं. स्पेनच्या सेव्हिया क्लबचा हा राखीव गोलकीपर, २००० मध्ये क्लब दुसऱ्या विभागात पडलेला असताना क्रीडा संचालक झाला. ब्राझीलहून बचावपटू दानी आल्वेसला पोरसवदा वयात आणलं, २००८ मध्ये बार्सिलोनाला विकलं. २००६ पासून पुढच्या दहा वर्षांत सेव्हियाने युएफा चषक, म्हणजे आत्ताची युरोपा लीग, पाच वेळा जिंकली. सगळे म्हणतात, मोंचीची नजर. नजर असेलच. पण मी खान्देशचा असल्यामुळे मला त्यात केळी दिसतात. रावेर-यावलचा बागायतदार केळी झाडावर पिकायची वाट बघतो का? घड कच्चा असतानाच कापतो, कारण त्याला ठाऊक असतं की दिल्लीला पोचेपर्यंत किती दिवस लागतील. आणि कापणीच्या आधीच पुढच्या बागेचे कंद लावलेले असतात. मोंचीचं कसब विकण्यात जेवढं, तेवढंच विकायच्या आधी बदली माणूस तयार ठेवण्यात. तुझ्या वडिलांना हे माझ्यापेक्षा नीट समजावता येईल. त्यांच्याशी शेत विकण्याबद्दल बोलण्यापेक्षा यावर बोल.

आता तू नेमकं काय करावंस. यातलं बरंच तुझ्या घरच्या परिस्थितीवर आहे आणि ती मला पूर्ण माहीत नाही. लग्न झालंय का, हप्ते आहेत का, दोन वर्षं कमी पगारावर बाहेरगावी राहता येईल का, यावर उत्तर फिरतं. राहता येत असेल, तर मी सांगतो ते कर.

पदवी पूर्ण कर. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, बारावी झालेल्याला प्रवेश मिळतो, आणि काम करता करता शिकता येतं. बी.कॉम.च कर, कारण तुला हिशेब लागणार आहे. शिकताना लाज वाटेल, बाजूला अठरा वर्षांची पोरं असतील. वाटू दे.

त्याच वेळी कुठल्याही क्लबात टीम मॅनेजरचं काम माग. सहायक म्हणून मिळालं तरी घे. पगार तू खेळत होतास त्यापेक्षा कमी असेल, आणि आजवर तुझी बॅग उचलणारा किट मॅन तुला सांगेल की बिब्स कुठे ठेवायचे. हे जमलं तर पुढचं जमेल. मी पहिले सहा महिने फक्त यादी करत होतो: कुणाची जर्सी कोणत्या मापाची, कुणाला मटण चालत नाही, कुणाचं आधारवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं. शेवटची यादी सगळ्यात महागाची निघाली.

कशी, ते सांगतो, कारण हे तुला कुठल्या वर्गात ऐकायला मिळणार नाही. जानेवारीची ट्रान्सफर विंडो, म्हणजे दुसऱ्या क्लबातून खेळाडू आणायची ठरलेली मुदत. ऑस्ट्रेलियातून एक सेंटर बॅक आणत होतो. २०१० पासून आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर फिफाच्या टीएमएस या ऑनलाइन यंत्रणेतून होतात. दोन्ही क्लबांनी आपापली माहिती भरायची, आणि ती एकमेकांशी जुळली तरच गाडी पुढे जाते. शेवटच्या दिवशी रात्री दहा वाजता माझ्या स्क्रीनवर न जुळल्याची खूण. मी भरलेली रक्कम कर धरून होती, त्यांनी भरलेली कर वगळून. बस, एवढंच. आकडा दुरुस्त करायला त्यांच्या बाजूचा माणूस हवा होता. तिकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते. मी चौदा फोन केले. बारा वाजून गेले. तो खेळाडू भारतात आला, आमचा पगार घेतला, आणि नोंदणी नाही म्हणून हंगामभर स्टँडमध्ये बसून राहिला. मालकाने मला विचारलं, "यात चूक कुणाची?" मी म्हटलं, माझी. एक ईमेल दोन दिवस आधी टाकला असता, की रक्कम करासकट लिहायची की कराशिवाय, तर हे झालं नसतं. मी विचारलं नाही, कारण मला वाटलं की एवढं साधं विचारलं तर अडाणी ठरेन.

खेळाडूतून ऑफिसात आलेल्या माणसाचा हा खास रोग आहे. मैदानावर आपल्याला सगळं येत होतं, म्हणून टेबलावर 'येत नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. इंग्रजीचंही तेच. तू लिहिलंयस की इंग्रजी बोलायला भीती वाटते. बोलायचं नंतर बघ. आधी वाचायची इंग्रजी पक्की कर, करारातली. तुझे स्वतःचे जुने करार काढ, घरात पत्र्याच्या पेटीत असतील. प्रत्येक कलम वाचून त्याचा मराठीत अर्थ लिही. करार मुदतीआधी कोण मोडू शकतं, दुखापतीत पगार किती दिवस, कर कोण भरणार, बोनस कधी देय. दहा वर्षांत तू काय काय न वाचता सही केलंस ते कळेल आणि रात्री झोप येणार नाही. मला नव्हती आली.

मग दोन-तीन वर्षं काम झालं, पदवी हातात आली, की स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिक. पुण्यात सिंबायोसिसमध्ये आहे, आयआयएम रोहतकला काम करणाऱ्यांसाठी पदविका आहे, मुंबईत नीलेश कुलकर्णींनी, म्हणजे आपल्या कसोटी क्रिकेटपटूने, २०१० मध्ये संस्था काढली आहे. फार पुढे जायचं असेल तर तीन देशांत मिळून चालणारा फिफा मास्टर आहे. तेव्हा वर्गात बसलास की प्राध्यापक जे सांगतील त्याला तुझ्याकडे चेहरे असतील. आता बसलास तर फक्त स्लाइड्स असतील. आणि कदाचित तोवर क्लबच निम्मी फी भरेल. तसं झालेलं मी पाहिलंय, पण ते धरून चालू नकोस.

कोचिंग आवडत नाही म्हणतोस, तरी खालचं एखादं लायसन्स करून ठेव. कोच व्हायला नव्हे, कोचशी भांडता यावं म्हणून. मात्र एजंट व्हायचा विचार मनात येत असेल तर तो वेगळा रस्ता आहे. २०२३ पासून फिफाने परवान्याची परीक्षा पुन्हा सुरू केली: २० प्रश्न, एक तास, ७५ टक्क्यांना पास. अभ्यास म्हणून ते नियम वाचायला हरकत नाही, पण क्लबात नोकरी आणि खिशात एजंटगिरी हे एकत्र चालत नाही, नियमानेही नाही आणि इज्जतीनेही नाही.

तू शेवटी विचारलंयस, की जिल्हा संघटनेत शिरून मग राज्याच्या संघटनेत, मुंबईच्या विफामध्ये (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन), आणि तिथून वर जाता येईल का. येईल, पण ती पगारी नोकरी नव्हे, निवडून यायची जागा आहे. त्याला मतं लागतात, आणि मतं गोल मोजून मिळत नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरात भारतीय महासंघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक आठव. दोघेही माजी खेळाडू. एकीकडे देशभर पोरं ज्याच्या नावाची जर्सी घालायची तो बायचुंग भुतिया, दुसरीकडे कल्याण चौबे, कोलकात्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांचा माजी गोलकीपर. निकाल ३३ विरुद्ध १. चौबे जिंकले. मत देणारे होते राज्य संघटनांचे प्रतिनिधी. तेव्हा ज्याला संघटनेत जायचंय त्याने गावोगाव चहा प्यायची तयारी ठेवावी. ते कमी दर्जाचं काम नाही, पण वेगळं आहे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीत किमान दोन नामवंत खेळाडू असायला हवेत असं ठरवलंय. तुझ्या-माझ्यासारख्यांना 'नामवंत' धरतील का? मला नाही वाटत.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. सध्या भारतीय फुटबॉलमधल्या नोकरीवर संसार उभा करताना दुसरा पाय जमिनीवर ठेव. २०१० मध्ये महासंघाने व्यापारी हक्कांचा १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार केला होता. तो संपायची वेळ आली आणि नवा झाला नाही, तेव्हा जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगामच लांबणीवर टाकला गेला. काही क्लबांनी खेळाडूंचे आणि ऑफिसातल्या लोकांचे पगार थांबवले. माझ्या ओळखीच्या दोन पोरांनी, चांगली कामाची पोरं, त्या काळात घरी बसून काढले महिने. जुन्यांना विचार, महिंद्रा युनायटेड २००६ ला राष्ट्रीय लीगचा विजेता होता आणि २०१० ला बंद झाला. क्लब पिठाच्या गिरणीसारखा रोज चालेल असं धरू नये. त्यामुळे तू जे शिकशील ते कबड्डीतही, खो-खोतही, शाळांच्या स्पर्धांतही, मॅरेथॉन भरवणाऱ्या कंपनीतही चालेल असं शिक. नोंदणी, प्रवास, करार, परवाने, हिशेब: हे पाच विषय सगळ्या खेळांत सारखे असतात.

आणि त्यासाठी लगेच मुंबईला पळायची गरज नाही. आपल्याकडेच एक काम पडून आहे, जे कुणी करत नाही. भुसावळ, जळगाव, धुळे, नंदुरबार, तिकडे धडगावपर्यंत पोरं खेळतात. नंदुरबारच्या आश्रमशाळांतल्या पोरांचा दम बघ एकदा, डोंगर चढून शाळेत आलेली पोरं आहेत ती. पण त्यातल्या बहुतेकांची कुठल्याही क्लबकडून महासंघाच्या ऑनलाइन यंत्रणेत नोंदणीच झालेली नसते. फिफाचा नियम आहे: परदेशी क्लबाने पैसे मोजून खेळाडू घेतला तर त्या रकमेतले ५ टक्के, वयाच्या १२ पासून २३ पर्यंत ज्यांनी त्याला घडवलं त्या क्लबांत वाटायचे. ज्याची नोंद आहे त्यालाच ते मिळतात. उद्या आपलं एखादं पोरगं निघालं, तर त्याला तेराव्या वर्षी बूट घेऊन देणाऱ्या मास्तरांच्या क्लबला दमडी मिळणार नाही, कारण कागद नाही. लाखात एखाद्याच्याच वाट्याला येईल हे मान्य. तरी कागद तयार पाहिजे. जन्माचा दाखला, आधार, फोटो, पालकांची सही. वीस पोरांमागे चार जणांच्या दाखल्यावर नाव वेगळं असतं, हे आत्ताच सांगून ठेवतो.

येत्या महिन्यात आम्ही भुसावळात १३ वर्षांखालच्यांची स्पर्धा घेतोय, बारा संघ, दोन दिवस. पाण्याचा टँकर, रुग्णवाहिका, चुन्याची फक्की, मांडव, पंचांचं जेवण, सगळं आमच्याच माथी. ऊन कसं असेल ते तुला सांगायला नको, म्हणून मॅचेस सकाळी साडेसहाला सुरू आणि दहाला बंद, मग संध्याकाळी पाचनंतर. मला नोंदणीच्या टेबलावर बसायला माणूस हवाय. मानधन नाही. दुपारी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी आहे. पालक भांडतील, एखादा मास्तर पंधरा वर्षांचं पोरगं बाराचं म्हणून उभं करेल, आणि त्या पोरासमोर तुला 'नाही' म्हणावं लागेल. जमणार असेल तर मेसेज कर, वेळ आणि जागा कळवतो. येताना तुझा एखादा जुना करार घेऊन ये, दुपारी मांडवात बसून वाचू.